नावांवाचून नाती

महात्मा जोतीराव फुले यांनी इ. स. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८७० मध्ये, त्या देशात जी शिरगणती झाली, तीत या मुक्त झालेल्या लोकांपैकी बहुतेकांची नावे प्रथमच नोंदली गेली. १८५० व १८६० च्या शिरगणतीत गुलामांच्या याद्या निराळ्या असत. त्यांत नाव असे ते मालकाचे; त्याखाली गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण एवढेच बहुधा लिहिलेले असे. १८६० साली गुलामांची संख्या ३९ लाख ५० हजारांवर होती.

या लोकांचे वंशज आपल्या कुळाचा शोध घेऊ लागले, की १८७० पाशी येऊन थबकतात. वंशशोधक या वर्षाला ‘भिंत’च म्हणतात. २०१० नंतरच्या काळात डी. एन. ए. चाचणी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, तेव्हा ही भिंत ओलांडता येईल अशी आशा पुष्कळांना वाटली. नळीत थोडी लाळ घालून पाठवावी आणि काही आठवड्यांनी संगणकाच्या पडद्यावर हजारो नातेवाइकांची यादी उमटावी, हे नवलच होते.

परंतु आनुवंशाचा हिशेब कठोर आहे. पूर्वजाकडून आलेला वाटा पिढीगणिक सरासरीने निम्मा होत जातो. सख्ख्या चुलतभावंडांत सुमारे १२.५ टक्के अंश समाईक असतो. ज्यांच्या खापरपणजोबांचे आईबाप एकच, अशा भावंडांत तो ०.२ टक्क्यांवर येतो आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या जोड्यांत तर तो सापडतच नाही. आज वार्धक्यात असलेल्या पिढीचे खापरपणजोबा साधारणतः १८७० साली कर्ते पुरुष होते. त्यांच्या आईबापांची नावे कागदावर नाहीत, आणि नेमकी तेथेच रक्ताची साक्षही पुसट होऊ लागते.

यादीतील बहुतेक नाती अशीच दूरची असतात. समाईक अंश सारखा असूनही एक नाते चार पिढ्यांमागचे, तर दुसरे सहा पिढ्यांमागचे निघते. परस्परांशी जुळणाऱ्या माणसांचे गट पाडता येतात. पण गटाचा मूळपुरुष कोण, हे कोणी सांगावे? कित्येकांनी वंशवृक्ष दिलेलाच नसतो, पत्राला उत्तर येत नाही. आणि ज्यांनी तो दिला, त्यांचाही वृक्ष १८७० लाच खुंटलेला असतो. शिवाय १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख गुलाम व्हर्जिनिया, मेरीलँड यांसारख्या राज्यांतून दूर दक्षिणेकडे नेण्यात आले. त्यांतील पुष्कळसे विकले गेले होते. त्यामुळे एकाच आईची लेकरे चार मुलखांत, चार आडनावांनी वाढली.

अखेर वळावे लागते ते कागदाकडेच, आणि तोही मालकाच्या. मृत्युपत्रे, खरेदीखते व मालमत्तेच्या याद्या यांत गुराढोरांच्या शेजारी गुलामांची नावे आणि किमती आढळतात. मुक्त गुलामांसाठी १८६५ मध्ये स्थापन झालेल्या बचत बँकेने खातेदारांच्या आईबापांची व भावंडांची नावे अनेकदा टिपून ठेवली होती. बँक १८७४ मध्ये बुडाली. नोंदवह्या मात्र पुष्कळ उरल्या.

रक्त नाते सांगते, पण नाव सांगत नाही. ज्या राज्यव्यवस्थेने ते नाव लिहिण्याचे टाळले, तिने केलेली हानी कोणतीही चाचणी पुरती भरून काढू शकत नाही. तरीही यादी चाळण्याचे कष्ट वाया जात नाहीत. एखाद्या मृत्युपत्रातील नावाशी दूरच्या भावंडांचा एखादा गट जुळतो, आणि दीड शतकानंतर एका कुटुंबाला आपल्या पूर्वजाचे नाव उच्चारता येते.