तुळजापूरचा पलंग, बुऱ्हाणनगरची पालखी आणि जुन्नरची तुळजा लेणी

नवरात्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील रस्ते भाविकांच्या जथ्यांनी भरून जातात. पाथर्डी तालुक्यातील मोहटादेवी, कर्जत तालुक्यातील राशीनची जगदंबा आणि शहरालगत केडगावची रेणुका ही जिल्ह्यातील मोठी देवीस्थाने. पण इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रवास आहे तो तुळजापूरच्या पलंग आणि पालखीचा.

दसऱ्याला तुळजाभवानीची मूर्ती ज्या पालखीत बसवतात, ती राहुरीत तयार होऊन अहिल्यानगर शहराजवळच्या बुऱ्हाणनगरला येते आणि तेथून तुळजापूरला जाते. सीमोल्लंघनानंतर अश्विन पौर्णिमेपर्यंत देवी ज्या पलंगावर निद्रा घेते असे मानतात, तो पुणे जिल्ह्यातील घोडेगावला बनतो आणि जुन्नरमार्गे अहिल्यानगरला येतो. दोन्ही वस्तू दरवर्षी नव्या बनतात. हा मान तेली समाजातील घराण्यांकडे असून सुतारकाम, लोहारकाम करणाऱ्यांचे हातही त्यात असतात. म्हणजे महाराष्ट्रातील एका प्रमुख देवस्थानाचा सर्वांत मोठा सोहळा कष्टकरी, कारागीर जातींच्या श्रमावर उभा आहे.

पलंगाच्या वाटेवरील जुन्नर हे बौद्ध लेण्यांचे मोठे केंद्र आहे. शहराच्या पश्चिमेला तुळजा लेणी आहेत. येथील चैत्यगृह गोलाकार असून स्तूपाभोवती बारा अष्टकोनी खांब आहेत. नंतरच्या काळात येथील एका लेण्यात तुळजादेवीची स्थापना झाली आणि त्यावरूनच आज ही लेणी ओळखली जातात. लोणावळ्याजवळ कार्ले येथेही चैत्यगृहाच्या दाराशी एकवीरेचे मंदिर आहे. हा शेजार कसा घडला? बौद्ध धम्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र दा. ध. कोसंबी यांनी पायी फिरून याचा शोध घेतला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात त्यांनी मातृदेवतांची ठाणी, जुने व्यापारी मार्ग आणि बौद्ध लेणी यांचा संबंध दाखवला आहे.

जुन्नरच्या ब्राह्मी शिलालेखांतही कष्टकरी भेटतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवल्याची नोंद आहे. यवन दात्यांचीही नावे आहेत. फरक इथेच आहे. पालखीचा मान जन्माने, घराण्याने ठरतो. लेण्यातील दान ज्याला द्यावेसे वाटले त्याने दिले आणि त्याचे नाव दगडावर कोरले गेले. जातीने नेमून दिलेली सेवा आणि स्वेच्छेने केलेले दान यांतील हे अंतर तरुणांनी प्रत्यक्ष जाऊन समजून घ्यावे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा आपल्याला देवपूजेपासून दूर ठेवतात, अभ्यासापासून नाही. गटाने सहल काढताना बुऱ्हाणनगर, जुन्नर आणि कार्ले एकत्र जोडावेत. सोबत शिलालेखांचे वाचन आणि मराठी अर्थ छापून न्यावा. अक्षरांवर खडू, रंग किंवा पाणी लावू नये. लेणी संरक्षित स्मारके आहेत. पुजारी, कारागीर आणि भाविक यांच्याशी वाद न घालता बोलावे, विचारावे, टिपून ठेवावे. ही वाट कोणाच्या श्रमाने आणि कोणाच्या दानाने घडली, हे दोन प्रश्न प्रत्येकाच्या वहीत पहिल्या पानावर असावेत.