साडीने मोजलेलं घर

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन हे गाव आहे. इथल्या जमिनीत चुनखडक आहे आणि २०२२ साली इथे सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. याच भागात कोलामांचे पोड आहेत. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कोलामांसारख्या अतिदुर्बल आदिवासी समूहांसाठी पीएम-जनमन योजना सुरू केली. पक्की घरं, रस्ते, पिण्याचं पाणी अशी कामं तिच्यात आहेत.

सिमेंट आहे, योजनाही आहे. मग प्रश्न उरतो तो असा, की घर कसं असावं हे कोणी ठरवायचं? चूल कुठे, शेळी कुठे बांधायची, बांबूचं काम करायला बसायचं कुठे? हे राहणाऱ्याला माहीत असतं. नकाशा काढणाऱ्याला ते कसं कळावं?

याचं एक उत्तर महाराष्ट्रातच शोधलं गेलं आहे. त्यासाठी आपल्याला मुंबईच्या फुटपाथवर जावं लागेल.

आधी मोजणी

१९८१ साली मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याची मोहीम निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘ओल्गा टेलिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, असं न्यायालय म्हणालं. पण रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायला महापालिकेला मोकळीकही मिळाली. फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायचं होतं.

हे लोक कोण, किती, कुठून आले? त्याची नोंदच नव्हती. रेशनकार्डाला पत्ता लागतो. यांच्याकडे तो नव्हता. म्हणून १९८५ मध्येच ‘स्पार्क’ या नव्या संस्थेने भायखळा परिसरातल्या फुटपाथवरच्या सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी केली. ही माणसं कष्टकरी आहेत, कामाच्या जागी पायी जाता यावं म्हणून फुटपाथवर राहतात, आणि त्यातली अनेक कुटुंबं वर्षानुवर्षं तिथेच आहेत, हे त्यातून पुढे आलं. नोंद झाल्यावर, ‘हे लोक कालच आले आणि उद्या जातील’ असं म्हणणं अवघड झालं.

पाहणीतून ओळखी झाल्या आणि १९८६ मध्ये फुटपाथवरच्या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ त्यांच्या जोडीला होता. त्याचे जोकिन अर्पुथम स्वतः झोपडपट्टीत राहून कार्यकर्ते झालेले. पुढे २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मग घर

आता या बायकांनी स्वतःच्या घराचा आराखडा करायला घेतला. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कागदावरच्या रेघेवरून खोली किती मोठी हे त्यांना समजेना. (आपल्यापैकी किती जणांना समजतं?) मग त्यांनी मोजायला साडी घेतली. सहावारी साडी म्हणजे १८ फूट, हे माप रोजच्या हाताळणीतलं. आणि कागदी नकाशाऐवजी खऱ्या आकाराचा नमुनाच उभा करून पाहिला.

त्यातून जे घर निघालं त्याची उंची होती १४ फूट, आणि आत पोटमाळा. याचं गणित सोपं आहे. जमीन तेवढीच, पण निम्म्या खोलीवर माळा टाकला तर वापरायची जागा दीडपट होते. छप्पर आणि पाया यांचा खर्च मात्र वाढत नाही, वाढतो तो फक्त भिंतींचा आणि माळ्याचा. घरात किती माणसं झोपतात आणि दिवसा अंथरुणं कुठे ठेवतात हे ज्यांना रोज बघावं लागतं, त्यांना हा उपाय सुचला यात नवल नाही.

पुण्यातले संडास

घरापेक्षाही अवघड प्रश्न संडासाचा. पुण्यात १९९२ ते १९९९ या काळात वस्त्यांसाठी जेमतेम २२ सार्वजनिक शौचालयं बांधली गेली होती. १९९९ मध्ये आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वेगळी रीत सुरू केली. बांधणी आणि देखभाल, दोन्हींसाठी स्वयंसेवी संस्थांकडून निविदा मागवल्या. बांधकामाचा खर्च, पाणी आणि वीज महापालिकेची. दोनेक वर्षांत ४०० हून जास्त शौचालयं, म्हणजे १०,००० हून जास्त शौचकूप उभे राहिले. त्यातल्या ११४ शौचालयांचं काम स्पार्क, महासंघ आणि महिला मिलन यांच्याकडे होतं.

इथेही राहणाऱ्यांचा अनुभव आराखड्यात उतरला. दरवाजे दोन्ही बाजूंना उघडणारे ठेवले, कारण आत जाणाऱ्याच्या हातात पाण्याची बादली असते. बायकांचं दार वेगळं, रांग वेगळी. आणि मुलांसाठी निराळे, लहान शौचकूप. मुलं उघड्यावर बसतात ती अज्ञानामुळे, असं आपण सहज म्हणतो. खरं कारण वस्तीतल्या आयांना ठाऊक होतं: मोठी माणसं मुलांना रांगेतून मागे ढकलतात, आणि अंधाऱ्या खोलीतल्या मोठ्या भोकाची मुलांना भीती वाटते. म्हणून भोक लहान, धरायला दांडी आणि भरपूर उजेड.

वर्गात एक हिशेब करून पाहा. ५० माणसांमागे एक शौचकूप धरला आणि प्रत्येकाला ४ मिनिटं लागली, तर सगळ्यांचं आटपायला २०० मिनिटं, म्हणजे ३ तास २० मिनिटं लागतात. सकाळी शाळा आणि काम गाठायचं असेल तर शेवटच्या माणसाने काय करायचं? दुसरा हिशेब पैशांचा. एका वेळेला १ रुपया घेतला तर पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला १५० रुपये पडतात. पुण्यात त्याऐवजी कुटुंबाला वीसेक रुपयांचा मासिक पास ठेवला. राखणदाराच्या कुटुंबाला राहायला शौचालयातच खोली दिली, म्हणून पगाराचा भारही हलका झाला.

अडचणी कुठे आल्या?

हे सगळं सुरळीत झालं असं समजू नये. काही ठिकाणी पाण्याची आणि विजेची जोडणी मिळायला उशीर झाला. शिवाय मूळ शंका राहतेच: सार्वजनिक संडास कितीही चांगला असला तरी रात्री-अपरात्री आजारी माणसाने तिथवर जायचं का? पुण्यातल्याच ‘शेल्टर असोसिएट्स’ या १९९३ पासूनच्या संस्थेने घरोघरी संडासाचा आग्रह धरला. वस्तीचा नकाशा करून मलवाहिनी कुठवर आली आहे ते पाहायचं, साहित्य संस्थेने द्यायचं आणि बांधकामाचा खर्च कुटुंबाने करायचा, अशी त्यांची पद्धत. दोन्ही रीतींत मत वेगळं आहे, पण सुरुवात एकच: वस्तीत जाऊन मोजणं.

लोकसहभाग हा शब्द आता प्रत्येक योजनेत असतो. आराखडा पक्का झाल्यावर सभा बोलवून सह्या घेतल्या तर तो सहभाग होतो का? फुटपाथवरच्या बायकांनी सही केली नव्हती, माप घेतलं होतं. हा फरक दयेचा नाही, माहितीचा आहे. जी माहिती फक्त राहणाऱ्याकडे आहे, ती वगळून केलेला आराखडा अपुऱ्या निरीक्षणांवर काढलेल्या निष्कर्षासारखा कच्चा राहतो.

वर्गासाठी

मुकुटबनसारख्या गावातल्या शाळेला हा प्रयोग करता येईल. शाळेच्या मैदानात चुन्याची फक्की टाकून एका घरकुलाचा आराखडा खऱ्या मापात आखा. घरून आणलेल्या साडीने बाजू मोजा. मग मुलांनी आत चूल, पाण्याचा हंडा, अंथरुणं, आजीची बाज, पावसाळ्यातलं सरपण मांडून बघावं. पोडावरची मुलं वर्गात असतील तर आधी त्यांना मांडू द्या, बाकीच्यांनी फक्त बघावं आणि टिपून घ्यावं. काय बसलं, काय बाहेर राहिलं, त्याची यादी फळ्यावर लिहा. ती यादी ग्रामसभेत घेऊन जायची का, हे मुलांनाच ठरवू द्या.