सूत, सुतळी आणि कागद

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यात भीमपूर आहे. हा जिल्हा १९५६ साली हैदराबाद राज्यातून आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ साली तेलंगणात आला. परंतु काळ्या जमिनीतला कापूस व सीमेवरची मराठी बोली या स्थित्यंतरांतही कायम राहिली. बाजारात या कापसाचे मोल क्विंटलावर ठरते. देवघरात त्याचीच वात होते, जानवे होते, आणि हळदकुंकू लावलेले वस्त्र होऊन तोच देवाच्या अंगावर चढतो.

कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मात्र बहुधा पाषाण व धातू यांनाच मान दिला. सूत आणि कागद नाशवंत, म्हणून ते कारागिरीच्या सदरात पडले. ही समजूत ज्यांनी मोडली, त्यांत मृणालिनी मुखर्जी अग्रणी होत. १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या या शिल्पकर्तीने बडोद्यास के. जी. सुब्रमण्यन यांच्यापाशी शिक्षण घेतले. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ या काळात मुंबईस हातमाग मंडळात होते आणि विणकराच्या विद्येस त्यांनी कधी कमी लेखले नाही. मुखर्जींनी सुतळी रंगवून, आधी आराखडा न काढता, गाठीवर गाठ मारीत भव्य आकृती उभ्या केल्या. 'यक्षी' (१९८४) आणि 'वनश्री' (१९९४) ही त्यांतील दोन नावे. या मूर्ती पूजेच्या नव्हेत. तथापि त्यांच्यापुढे उभे राहता गाभाऱ्यातील गांभीर्य आठवल्यावाचून राहत नाही. २०१५ च्या जानेवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन उघडले आणि थोड्याच दिवसांत त्या निवर्तल्या. न्यूयॉर्कमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरले ते २०१९ साली.

अलीगढच्या झरीना (१९३७–२०२०) यांनी कागदाचा लगदा साच्यात ओतून शिल्पे घडविली, आणि फाळणीची सीमारेषा कागदावरच छापली.

आम्हां देवस्थानांच्या लोकांस हे नवल वाटू नये. गोव्यात नवरात्रात रंगीत कागदांनी मढविलेले मखर वाद्यांच्या गजरात झुलते. उत्सव सरला की सजावट उतरते आणि पुढील वर्षी नव्या हातांनी पुन्हा चढते. पाषाण स्वतःच्या बळावर उरतो. कागद व सूत उरतात ते ही विद्या एका पिढीने दुसरीस दिली तरच. म्हणून देणगीदारांच्या यादीशेजारी प्रत्येक देवस्थानाने मखर सजविणाऱ्यांची आणि वस्त्रे करणाऱ्या स्त्रियांचीही नावे वर्षानुवर्षे नोंदवून ठेवावीत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ते हात थांबले, तर जपून ठेवण्यास मागे काहीच उरणार नाही.