टायटॅनिक : ॲडव्हेंचर आउट ऑफ टाइम

संगणकावर एकट्याने खेळायचा हेरगिरीचा साहसखेळ. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल येथील सायबरफ्लिक्स या कंपनीने तो तयार केला आणि जीटीई एंटरटेनमेंटने १९९६ मध्ये दोन सीडींवर, विंडोज आणि मॅकिंटॉश अशा दोन्ही संगणकांसाठी, बाजारात आणला. कथा व आखणी अँड्र्यू नेल्सन यांची. खेळ ज्या ‘ड्रीमफॅक्टरी’ नावाच्या प्रणालीवर चालतो ती कंपनीचे संस्थापक बिल ॲपल्टन यांच्या डोक्यातली. याच प्रणालीवर कंपनीने आदल्या वर्षी ‘डस्ट’ हा अमेरिकी पश्चिमेतल्या गावाचा खेळ काढला होता. टायटॅनिकमध्ये गावाच्या जागी जहाज आले. पोलाद, पितळ, गालिचे आणि जिने यांचे हे बंदिस्त गाव खेळाडूला एका रात्रीपुरते मोकळे मिळते.

कथानक : १४ एप्रिल १९४२. लंडनमधल्या एका कळकट खोलीत फ्रँक कार्लसन हा बडतर्फ ब्रिटिश हेर राहतो. भाडे थकले आहे आणि घरमालकीण दार ठोठावते आहे. तीस वर्षांपूर्वी टायटॅनिकवरची कामगिरी फसली तेव्हापासून त्याचे आयुष्य उताराला लागले. बॉम्ब पडतो, खोली उडते, आणि कार्लसन डोळे उघडतो तो थेट १४ एप्रिल १९१२ च्या रात्री, जहाजावरच्या आपल्या सी-७३ या केबिनमध्ये. (लंडनवरचा सलग बॉम्बवर्षाव मे १९४१ मध्येच थांबला होता. लेखकाला तीस वर्षांचा गोल आकडा हवा होता, एवढेच याचे स्पष्टीकरण.) कामगिरी तीच, संधी मात्र दुसऱ्यांदा. पेनी प्रिंगल ही ब्रिटिश हेर त्याला भेटते आणि चोरीला गेलेली उमर खय्यामच्या रुबायांची रत्नजडित प्रत परत मिळवायला सांगते. संशयाची सुई जर्मन कर्नल झाइटेल आणि त्याचा तरुण सहायक विली फॉन हाडरलिट्झ यांच्याकडे आहे. त्यांच्याभोवती कलावस्तूंचा व्यापारी साशा बार्बिकॉन, अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कॉन्कलिंग, सर्बियन व्लाड डेमॉनिक आणि पत्त्यांत हातचलाखी करणारा ब्यूइक रिव्हिएरा अशी मंडळी वावरतात. शेवटचे नाव एका मोटारीचे आहे, आणि ती मोटार या रात्रीनंतर पन्नास वर्षांनी निघाली.

पुस्तकामागे लागलेल्या खेळाडूच्या लक्षात हळूहळू येते की पळवापळवीच्या वस्तू आणखीही आहेत : एक हिऱ्यांचा हार, एक वही आणि एक चित्र. वहीत रशियातल्या क्रांतिकारकांची नावे आहेत, तर चित्र व्हिएन्नातल्या एका अपयशी तरुण चित्रकाराचे, म्हणजे अडॉल्फ हिटलरचे, आहे. बुडत्या जहाजावरून कार्लसन काय घेऊन निघतो यावर विसाव्या शतकाचा पुढचा इतिहास ठरतो. चित्र वाचले तर हिटलर चित्रकार म्हणून नावारूपाला येतो आणि राजकारणाकडे वळत नाही. वही वाचली तर रशियन क्रांती होत नाही. रत्नजडित पुस्तक चुकीच्या हाती गेले तर आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडच्या खुनाला पैसा मिळतो. शेवट अर्थातच अनेक आहेत, त्यांतले बरेचसे वाईट आणि एक सुखाचा. इतिहास म्हणून ही मांडणी बालिश आहे. साम्राज्यांची शस्त्रस्पर्धा, करारांची साखळी आणि रशियातली उपासमार यांना चामड्याच्या एका पेटीत कोंबता येत नाही. खेळ म्हणून मात्र ती चोख बसते. हातातल्या चार वस्तूंना एवढे वजन आले की प्रत्येक बंद कपाट महत्त्वाचे वाटू लागते. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारकथा एका बैठकीत संपवणाऱ्या वाचकाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

रुबायांची प्रत : खेळातला हा सर्वांत अद्भुत वाटणारा तपशील खरा आहे. लंडनच्या सँगॉर्स्की अँड सटक्लिफ या बांधणीकारांनी सदरन्स या ग्रंथविक्रेत्यांसाठी उमर खय्यामची एक प्रत बांधली. आत फिट्झजेराल्डचा इंग्रजी अनुवाद आणि इलायहू व्हेडर यांची चित्रे, वर सोन्याचे काम, तीन मोर आणि एक हजार पन्नास रत्ने. फ्रान्सिस सँगॉर्स्की यांनी या बांधणीत दोन वर्षे घातली आणि १९११ मध्ये ती पुरी केली. अपेक्षित किंमत हजार पौंड होती. गिऱ्हाईक जमेना म्हणून २९ मार्च १९१२ रोजी सॉदबीज्‌मध्ये लिलाव झाला आणि न्यूयॉर्कच्या गेब्रिएल वेल्स यांनी ती अवघ्या ४०५ पौंडांना घेतली. पंधरवड्याने ती टायटॅनिकवरून निघाली आणि समुद्रतळाशी गेली. सँगॉर्स्की स्वतः त्याच वर्षी १ जुलै रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रात बुडून वारले. पुढे सटक्लिफ यांचे पुतणे स्टॅन्ली ब्रे यांनी मूळ आराखड्यांवरून दुसरी प्रत बांधली. तिजोरीत ठेवलेली ती प्रत १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, रत्ने तेवढी वाचली. ब्रे यांनीच बांधलेली तिसरी प्रत १९८९ मध्ये पुरी झाली आणि ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. एक प्रत टायटॅनिकबरोबर गेली, दुसरी लंडनच्या बॉम्बवर्षावात. खेळाचे दोन काळ जवळपास याच दोन घटनांचे आहेत. खेळात दुसऱ्या प्रतीचा उल्लेख नाही. तो असता तर कथेला एक पेच फुकट मिळाला असता.

मराठी वाचकाला उमर खय्याम परका नाही. फारसीचे अभ्यासक माधव जूलियन यांनी त्याच्या रुबाया १९२९ मध्ये मूळ फारसीवरून आणि १९३१ मध्ये फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून, ‘द्राक्षकन्या’ या नावाने, मराठीत आणल्या. खेळाच्या लेखकाला मात्र पुस्तकातल्या मजकुराशी काही देणेघेणे नाही. त्याचे लक्ष बांधणीवरच्या दगडांवर आहे.

खेळण्याची रीत : सारा कारभार माऊसने चालतो. खेळाडू कार्लसनच्या नजरेने पाहतो, टिचकी मारून पावलागणिक पुढे सरकतो, दारे उघडतो, वस्तू पिशवीत टाकतो. पडद्याच्या तळाशी खिशातले घड्याळ असते आणि जहाजाचा नकाशाही मिळतो. नकाशा नसेल तर नवखा खेळाडू पहिला अर्धा तास जिने चढण्या-उतरण्यातच घालवील. कोडी दोन जातींची आहेत. एक यांत्रिक : तारयंत्राचे काम, कुलुपे, इंजिनखान्यातल्या झडपा. दुसरी माणसांची, आणि तीच अवघड. समोरच्याला कोणते वाक्य बोलायचे ते दिलेल्या पर्यायांतून निवडावे लागते. उर्मट उत्तर दिले की दार बंद. भलत्याच माणसाजवळ भलते नाव निघाले की पुढचा दुवा तुटतो. सी-७३ चा कारभारी स्मेथेल्स हा पोऱ्या सुरुवातीला नवख्याला चार गोष्टी शिकवतो. त्याच्याशी अदबीने बोलणारा खेळाडू पुढे सुखी राहतो, अशी जाणत्यांची शिफारस आहे.

वेळेचा हिशेब हा या खेळाचा कणा. हिमनगाची टक्कर होईपर्यंत घड्याळ कथेप्रमाणे सरकते : कामगिरीतला एखादा टप्पा पुरा झाला की काटा पुढे जातो. तोवर तुर्की स्नानगृहात भटका, व्यायामशाळेतल्या विजेच्या उंटावर बसा, धूम्रपानकक्षात पत्ते खेळा, कोणी हटकत नाही. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी धक्का बसतो आणि त्यानंतर घड्याळ खरोखरच चालू लागते. आता प्रत्येक चुकीच्या वळणाची किंमत मिनिटांत मोजावी लागते. हव्या त्या वस्तू घेऊन वेळेत डेकवर पोहोचायचे आणि नावेत जागा मिळवायची. प्रत्यक्ष जहाजावर २,२०० हून अधिक माणसे आणि २० नावा होत्या, त्यांत जागा १,१७८ जणांना. डाव्या बाजूला अधिकारी लाइटोलर यांनी बायका-मुलांखेरीज कोणाला चढू दिले नाही. उजव्या बाजूला मर्डॉक यांनी जागा असेल तिथे पुरुषांनाही घेतले. हा फरक ठाऊक असलेला वाचक खेळताना नकळत उजवीकडे धावतो. हातातल्या वस्तूंसाठी रेंगाळणारा कार्लसन बुडतो आणि खेळ संपतो. म्हणून टकरीच्या आधी खेळ सेव्ह करून ठेवणे शहाणपणाचे.

पात्रे दाखवण्याची पद्धत आज विचित्र वाटते. खऱ्या नटांच्या छायाचित्रांचे तुकडे जोडून तोंडे हलवली आहेत, त्यामुळे चेहरा माणसाचा आणि हालचाल कळसूत्री बाहुलीची. सुरुवातीला हसू येते. पण मध्यरात्री रिकाम्या मार्गिकेत असा एखादा चेहरा अचानक वळून पाहू लागला की हसू थांबते. हे कंपनीने ठरवून केले असे म्हणवत नाही; ते साधनांच्या मर्यादेतून आले आणि खेळाच्या पथ्यावर पडले.

जहाज हीच या खेळाची खरी कमाई आहे. हेरकथा हे तिथे फिरण्याचे निमित्त. भव्य जिना, पॅरिसियन कॅफे, स्क्वॉशचे मैदान, बिनतारी संदेशाची खोली, बॉयलरखाना अशा ठिकाणांची त्रिमिती पुनर्रचना इतक्या चिकाटीने केली आहे की कथा बाजूला ठेवून नुसते जहाज पाहण्याची सोयही निर्मात्यांनी ठेवली. कोड्यांची रचनाही जहाजाच्या वर्गव्यवस्थेवर उभी आहे. कार्लसन पहिल्या वर्गाचा प्रवासी आहे, म्हणून वरच्या डेकवरची दारे त्याला आपोआप उघडतात; खाली कोळशाच्या भट्ट्यांकडे उतरायचे तर बहाणा लागतो.

मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर चित्र वेगळे दिसले असते. तिथे डेकवरचे खलाशी बऱ्याचदा रत्नागिरीकडचे आणि भोजनगृहातले वाढपी गोव्याचे असत. स्मेथेल्सच्या जागी एखादा गोव्याचा कारभारी आला असता, आणि कोकणी खलाशांच्या बोलण्यातून हेराला निम्मी कामगिरी साधता आली असती. अशा जहाजावरचा खराखुरा थरार याच काळात घडला. १ जुलै १९१० रोजी लंडनहून निघालेल्या ‘मोरिया’ या पी अँड ओ जहाजावर स्कॉटलंड यार्डच्या एडवर्ड पार्करच्या पहाऱ्यात विनायक दामोदर सावरकर होते. ८ जुलैला मार्सेय बंदरात त्यांनी शौचकूपाच्या गोल खिडकीतून समुद्रात उडी घेतली, किनारा गाठला, आणि फ्रेंच पोलिसाने धरून त्यांना परत जहाजावर दिले. हे प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. यावर कोणी खेळ केलेला नाही. टायटॅनिकवरही मुंबईहून निघालेली एक प्रवासी होती. जांजगीर येथे मुलींची शाळा चालवणाऱ्या ॲनी फंक या अमेरिकी मिशनरी आजारी आईला भेटायला ‘पर्शिया’ जहाजाने मुंबई सोडून निघाल्या. इंग्लंडातल्या कोळसा-संपामुळे त्यांचे ठरलेले जहाज रद्द झाले आणि त्यांनी टायटॅनिकचे तिकीट घेतले. त्या बुडाल्या.

खेळाची विक्री डिसेंबर १९९७ मध्ये जेम्स कॅमेरॉनचा चित्रपट आल्यावर एकदम वाढली. चित्रपटापूर्वी वर्षभर बाजारात असलेला खेळ लोकांना चित्रपटाची नक्कल वाटावा हा दैवदुर्विलास, पण पैसा त्यानेच दिला. सायबरफ्लिक्सला तो पुरला नाही. १९९८ च्या ‘रेडजॅक’ या चाचेकथेनंतर कंपनीचा गाशा गुंडाळला गेला. खेळाच्या जवळचा नातलग म्हणजे जॉर्डन मेकनर यांचा ‘द लास्ट एक्सप्रेस’ (१९९७) : जुलै १९१४, ओरिएंट एक्सप्रेस, पुन्हा एक रत्नजडित वस्तू आणि पुन्हा युद्धाच्या तोंडावरचा युरोप. लेखन आणि कारागिरी या दोन्हींत तो टायटॅनिकपेक्षा सरस आहे. खपात मात्र मागे राहिला. इंकल कंपनीचा ‘ओव्हरबोर्ड!’ (२०२१) बाजू उलटवतो : १९३५ सालच्या जहाजावर खेळाडूच खुनी आहे आणि जहाज बंदराला लागण्याआधी निर्दोष ठरणे ही त्याची कामगिरी.

टायटॅनिकचे संपूर्ण जहाज संगणकात उभारण्याचा हव्यास पुढे ‘टायटॅनिक : ऑनर अँड ग्लोरी’ या प्रकल्पाने उचलला. त्यांनी एप्रिल २०१६ मध्ये जहाज बुडण्याची दोन तास चाळीस मिनिटांची, मूळ वेळेबरहुकूम चालणारी चित्रफीत प्रसिद्ध केली. तिच्यात हेर नाहीत, पुस्तक नाही, आणि खेळाडूने करायचेही काही नाही.