तुरीचा मुलूख आणि दर्यापारची तूर

मराठी घरात वरण, कानडी घरात ब्याळी. शब्द दोन, डाळ एकच. आळंद, भालकी, बसवकल्याणकडच्या आपल्या घरांत तर हे दोन्ही शब्द एकाच चुलीपाशी नांदतात. बहामनी सुलतान, बसवकल्याणचे शरण, हैदराबादचा मुक्तिसंग्राम यांवर आपण भरभरून बोलतो. पण ज्या पिकावर या मुलखाचा प्रपंच चालतो त्या तुरीची आठवण होते, ती भाव पडल्यावर.

तूर मूळची भारतातलीच. तिची रानटी बहीण आजही ओडिशा-बस्तरच्या रानांत आढळते. फार जुन्या काळी ती समुद्रमार्गे पूर्व आफ्रिकेत गेली आणि पुढे गुलामांच्या व्यापारासोबत वेस्ट इंडीजला पोहोचली. बार्बाडोस बेटावर ती कबुतरांना घालत, म्हणून इंग्रजांनी तिला 'कबुतरांचा वाटाणा' म्हटले. येळवशीच्या भज्जीत ज्याचे कोवळे दाणे पडल्यावाचून आपला सण होत नाही, त्या पिकाचे हे परदेशातले बारसे!

भीमाकाठच्या खोल काळ्या जमिनीत तुरीचे सोटमूळ खाली खाली ओल शोधत जाते. मृगात पेरलेले पीक परतीच्या पावसावर पौषापर्यंत तग धरते. दाणे घरात, भुसा गोठ्यात, तुराट्या कुडाला आणि चुलीला. वाया काही जात नाही. १८७१ साली मुंबईची रेल्वे सोलापूर-गुलबर्गा करीत रायचूरला पोहोचली, १८७४ साली वाडीहून हैदराबादचा फाटा निघाला, आणि इथल्या मालाला मुंबई जवळची झाली. तोवर डाळ घरोघरी होई. तूर भिजवायची, तांबडी माती चोळायची, उन्हात वाळवायची आणि जात्यावर भरडायची. पुढे गिरण्या आल्या, आणि बायकांच्या हातांचे ते काम अडतीच्या मागच्या शेडमध्ये गेले.

१९५६च्या राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. उरलेल्या जिल्ह्याचा आणि गुलबर्ग्याचा बहुतेक भाग म्हैसूर राज्यात आला. माणसे वाटली गेली, शाळांच्या भाषा बदलल्या. तुरीला मात्र हद्द ठाऊक नव्हती. भालकी-औरादचा शेतकरी उदगीरचा भाव चढा दिसला की तिकडे गाडी हाकतो. उदगीर-लातूर आणि गुलबर्गा एकमेकांचे प्रतिस्पर्धी, हीच आपली जुनी समजूत. प्रत्यक्षात खरी स्पर्धा केव्हाच दर्यापार गेली होती.

त्याची गोष्ट पाटणचेरूपासून सुरू होते. मुंबई-हैदराबाद रस्त्यावरच्या या गावी १९७२ साली 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. उभे पीक वाळवून टाकणारा मर रोग हा तुरीचा काळ. त्याला दाद न देणारे 'मारुती' वाण १९८६ साली कर्नाटकात प्रसारित झाले, आणि आपल्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांची तूर वाचली. पण संशोधन कुणा एका मुलखाचे नसते. याच संस्थेने आफ्रिकेसाठीही मर सोसणारे, टपोऱ्या दाण्याचे वाण पुढे आणले. मलावीत २००० साली ते 'कचांगू' या नावाने आले. आपला उपकारकर्ता आणि आपल्या प्रतिस्पर्ध्याचा उपकारकर्ता एकच निघाला! यात तक्रारीसारखे काही नाही; तिकडचा शेतकरीही कोरडवाहूच आहे.

तक्रार करायचीच तर ती दिल्लीच्या धोरणाची. तूर सर्वांत जास्त पिकवणारा देश आपला, खाणाराही आपलाच, आणि विकत घेणाराही आपलाच. म्यानमारमध्ये तूर फारशी कुणी खात नाही. ती पिकते भारताच्या गिऱ्हाइकीसाठी. २००६ साली सरकारने कडधान्यांची निर्यात बंद केली. तुरीचे दार उघडायला २०१७ उजाडले. मधल्या काळात, २०१५ साली डाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली आणि शहरांत आरडाओरड झाली. लगेच २०१६ साली मोझांबिकशी आयातीचा करार झाला. त्याच हंगामात शेतकऱ्याने चढ्या भावाच्या आशेने तूर लावली, पाऊस झाला, देशाचे पीक जवळजवळ दुप्पट आले. हमीभाव होता ५०५० रुपये. बाजार त्याच्या खाली. ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीवर मर्यादा आली, पण तोवर बहुतेकांची तूर विकून झाली होती. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली, आणि त्याच वर्षी मलावी व म्यानमारशीही करार झाले.

अशा धरसोडीत जगाच्या बाजारात नाव कसे व्हावे? गिऱ्हाईक बांधायला वर्षे लागतात, दार लावायला एक अधिसूचना पुरते.

२०१९ साली 'गुलबर्गा तूरडाळी'ला भौगोलिक मानांकन मिळाले. चवीची, लवकर शिजण्याची ती पावती आहे, पण तिचे मोल डाळीच्या पाकिटावर पडते, शेतातल्या पोत्यावर नाही. २०२२च्या हंगामात कलबुर्गीत मर पुन्हा उसळला, तेव्हा मानांकन काय कामाचे होते? शिवाय गिरणीला कच्चा माल कुठलाही चालतो; स्वस्त आयात झाली तर शेतकरी बुडतो आणि भरडणारा तरतो. एकाच गावात, कधी एकाच घरात, दोन हिशेब मांडले जातात.

आता अडतीवर सौद्याआधी मुंबईचे भाव पाहतात. त्यांत म्यानमारची लेमन असते, आफ्रिकेची अरुषा, मटवारा, गजरी असते. मग आपल्या तुरीच्या ढिगात हात घातला जातो.