भुंगा न लागणारा मूग



गेल्या वैशाखात आमच्या गटातल्या एका आजींनी बियाण्याच्या मुगाचं मडकं उघडलं. वरून दाणे हिरवेगार. हात घातला तर निम्मे पोकळ, भोकं पडलेले. "आता पेरायचं काय?" एवढंच त्या म्हणाल्या. या एका भुंग्यामागे शास्त्रज्ञ कुठे कुठे फिरले, ती गोष्ट आज सांगते.

भुंगा बहुतेक वेळा शेतातूनच घरात येतो. मादी आधी शेंगेवर आणि मग साठवलेल्या दाण्यावर अंडी चिकटवते. अळी दाण्यात शिरते, आतलं खाऊन वाढते आणि भुंगा होऊन गोल भोकातून बाहेर पडते. उबेत महिन्याभरात नवी पिढी तयार. म्हणून दिवाळीला दोन-चार किडके दाणे दिसले, की होळीपर्यंत मडक्याची वाट लागते.

१९८७ साली जपानच्या फुजी आणि मियाझाकी या शास्त्रज्ञांनी एका रानमुगाची माहिती प्रसिद्ध केली. हा मूग आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरचा, त्याचा नोंद क्रमांक टीसी १९६६. याच्या दाण्यात शिरलेली अळी वाढायच्या आतच मरायची. पुढच्याच वर्षी कळलं, की हा गुण एकाच प्रबळ जनुकातून येतो. म्हणजे संकर करून तो आपल्या मुगात आणणं शक्य होतं.

पण रानातला गुण एकटा येत नाही. रानमुगाचा दाणा बारीक आणि शेंग वाळली की तडकून दाणे उधळणारी. त्यामुळे संकरातली रोपं पुन्हा पुन्हा चांगल्या मुगाशी जुळवावी लागली. शिवाय जे अळीला मारतं, ते माणसाला बाधणार नाही ना? असा मूग उंदरांना खाऊ घातला, तेव्हा त्यांच्या रक्तात काही फरक दिसले. सावध राहणं भाग होतं.

मग लागवडीच्या मुगातच शोध झाला. १९९२ साली तैवानमधल्या आशियाई भाजीपाला संशोधन केंद्रातले तळेकर आणि लिन यांनी व्ही २७०९ आणि व्ही २८०२ हे दोन वाण भुंग्याला दाद देत नाहीत, असं दाखवलं. पुढे चीन आणि कोरियात व्ही २७०९ पासून नवे वाण तयार झाले.

बायांनो, ते दोन वाण कुणी "जुनं बी, काय करायचं?" म्हणून संपवले असते तर?

आजींचं मडकं आपण परत भरू शकत नाही. पण नवी पिशवी आली म्हणून घरचं बी मोडू नका. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने मूठभर मूग आणा. सगळे एकाच दिवशी कडक उन्हात वाळवू, एकसारख्या बरण्यांत ठेवू आणि होळीला भोकं मोजू. ज्या घरचा दाणा सर्वांत कमी किडेल, त्या घरचं बी पुढच्या वर्षी वेगळं राखू.