मलाक्का: तीन ग्रंथांतील एक बंदर

मलाक्का नदीच्या एका तीरावर डच प्रशासनाची लाल इमारत, टेकडीवरील सेंट पॉल चर्चचे अवशेष आणि पोर्तुगीज किल्ल्याचे उरलेले एकमेव द्वार आहे. दुसऱ्या तीरावर चिनी मंदिर, १७४८ ची मशीद आणि १७८१ चे चेट्टींचे विनायक मंदिर जवळजवळ उभी आहेत. २००८ साली जागतिक वारसा ठरलेल्या या शहरात मलय सुलतानांचा मूळ राजवाडा मात्र नाही. आज दाखवला जातो तो 'सेजाराह मलायू' या ग्रंथातील वर्णनावरून विसाव्या शतकात उभारलेला आहे. म्हणजे येथे ग्रंथावरून वास्तू घडली आहे. सल्तनतीच्या काळाकडे जाण्याचा मार्गही प्रामुख्याने ग्रंथांतूनच जातो.

१५११ साली अल्बुकर्कने शहर जिंकले आणि जुन्या राजांच्या थडग्यांचे दगडही किल्ल्याच्या बांधकामात वापरले. पुढील वर्षी तेथे आलेल्या तोमे पिरिश या औषधविक्रेत्याने 'सुमा ओरिएंताल'मध्ये बंदराचा हिशेब मांडला: चार शाहबंदर, त्यांपैकी एक केवळ गुजराती व्यापाऱ्यांसाठी, आणि बंदरात ऐकू येणाऱ्या चौऱ्याऐंशी भाषा. त्याला मलाक्का दिसते ती जकात, माल आणि मोसमी वाऱ्यांच्या वेळापत्रकातून.

'सेजाराह मलायू'ची दृष्टी निराळी आहे. १६१२ मध्ये जोहोरच्या दरबारात त्याच्या लेखनाची आज्ञा झाली, तेव्हा मलाक्का हातची जाऊन शतक लोटले होते. राजाज्ञेने लिहिला गेलेला, वंशावळ आणि आख्यायिका यांची सरमिसळ करणारा हा ग्रंथ मराठी वाचकाला बखरींची आठवण करून देतो. एका जुन्या पाठाच्या प्रस्तावनेनुसार त्याचे मूळ हस्तलिखित 'गोवा' येथून आले. हे गोवा मांडवीकाठचे की सुलावेसीतील, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पहिला पर्याय स्वीकारला, तर ते लुटीतून गेले असण्याची शक्यता पुढे येते. त्या काळी दोन्ही बंदरे एकाच पोर्तुगीज राज्यात होती. १५५३ मध्ये काही महिने मलाक्कात पुरलेला सेंट झेवियरचा देहही नंतर गोव्यालाच नेला गेला.

तिसरा आवाज मुन्शी अब्दुल्लाचा. त्याच्या पूर्वजांत अरब होते, तमिळही होते; लेखन मात्र मलय भाषेतले. १८०७ मध्ये ब्रिटिशांनी किल्ला सुरुंग लावून पाडला, ते त्याने बालपणी पाहिले आणि १८४९ मध्ये छापल्या गेलेल्या आत्मचरित्रात शहराचे वैभव गेल्याची खंत व्यक्त केली. परकीयांनी बांधलेली तटबंदी तोवर स्थानिकांच्या स्मृतीचा भाग झाली होती.

या तीन ग्रंथांपैकी कोणत्याही एकाला 'मूळ' मानले, की इतर दोन पुरवणी ठरतात. पिरिशकडे राजवंशाचे दुःख नाही, दरबारी ग्रंथाला जकातीचे आकडे नकोत, अब्दुल्लाला सल्तनत ऐकूनच ठाऊक. एका भाषेची सीमा पाळणाऱ्या वाङ्मयेतिहासात या बंदराला पुरेशी जागा मिळत नाही. तौलनिक अभ्यासाची खरी गरज येथे आहे.